भाचीचा ऊस

आमच्या प्रयोगशाळेत आठवड्याला दहा-बारा नारळ फुटायचे. त्यामुळे आत काहीतरी पूजाअर्चा चालते, अशी बाहेरच्या लोकांची पक्की समजूत होती. फलटणपासून थोडी दूर, उसाच्या रानात बांधलेली ती बैठी पांढरी इमारत होती. आत काचेच्या बरण्या, स्पिरिटचे दिवे आणि बरण्या वाफवायला माणूस मावेल एवढा एक प्रेशर कुकर. आम्हाला हवं असायचं ते नारळाचं पाणी. खोबरं आम्ही सगळे वाटून घरी न्यायचो. मी तिथं काढलेल्या चार वर्षांत खोबऱ्याची चटणी एवढी खाल्ली की पुढं कित्येक दिवस मला तिचा वाससुद्धा नको वाटायचा.

मी तिथं सहायक म्हणून लागले ती आणीबाणीच्या आदल्या वर्षी, सांगलीच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. होऊन. शिकले ती मामांच्या जिवावर. मी चार वर्षांची असताना वडील गेले आणि मामांनी आईला नि मला कृष्णाकाठच्या आपल्या गावी आणलं. मामा लष्करातून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले, चार एकर ऊस करणारे. मॅट्रिकनंतर माझं लग्न उरकून टाकावं असं भावकीचं म्हणणं पडलं, तेव्हा मामांनी पोरगी शिकणार असं सांगितलं आणि विषय बंद केला. भावकीतल्या एकानं खवचटपणे विचारलं होतं, शिकून काय उसाला पाणी पाजणार का? मामा म्हणाले होते, पाजंल की. पुढं मी खरोखरच उसाच्या नोकरीला लागले तेव्हा मामा हा किस्सा गावभर सांगत सुटले. मामी वैतागून म्हणायची, आता तरी पुरे करा.

प्रयोगशाळेचे प्रमुख होते आमचे सर. चाळिशीचे, परदेशात शिकून आलेले, हळू आवाजात बोलणारे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. मी आयुष्यात चांगले शिक्षक बरेच पाहिले, पण त्यांच्यासारखं समजावून सांगणारा दुसरा पाहिला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल काही बरं बोलणार नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

काम असं असायचं. उसाचा शेंडा सोलत गेलं की आत कोवळी, घट्ट गुंडाळलेली पानं लागतात. त्यांचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि बरणीत, अगरच्या, म्हणजे शेवाळापासून केलेल्या जेलीच्या थरावर ठेवायचा. त्या थरात साखर, क्षार, नारळाचं पाणी आणि टू-फोर-डी अगदी नावापुरतं. टू-फोर-डी म्हणजे शेतकरी तण मारायला फवारतात तेच औषध. पाच-सहा आठवड्यांत त्या तुकड्याचं पान उरायचं नाही. पिवळसर, रवाळ गोळा व्हायचा, शिळ्या शिऱ्यासारखा. त्याला कॅलस म्हणत. मग टू-फोर-डी काढून घेतलं आणि बरणी उजेडात ठेवली की त्या गोळ्यावर हिरवे ठिपके यायचे. एकेका ठिपक्याचा एकेक ऊस, मुळांसकट.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी सरांना विचारलं की पानाला मूळ कसं काय फुटलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. पानाच्या पेशीत अख्खा ऊस लिहिलेला असतो, ते म्हणाले. मूळ, कांडं, डोळा, तुरा, सगळं. पण तिला पान व्हायचं असतं, म्हणून तेवढे धडे उघडे ठेवून बाकीचे ती मिटून टाकते. आपण बरणीत तिला एवढंच करायला लावतो की सगळे धडे पुन्हा उघडायचे. लिहिलेलं बदलत नाही, उघडमीट बदलते. उसाला तुरा येऊन बी धरतं तेव्हा तर ती पेशी बहुतेक सगळी पाटी पुसून कोरी करून घेते. म्हणून बियाचं रोप नव्यानं सुरुवात करतं. कांडीतून लावलेल्या उसाला ती सोय नाही, तो मागचं सगळं सोबत घेऊन येतो.

आज या उघडमिटीला भलंमोठं नाव आहे. माझ्या नातीच्या पुस्तकात एपिजेनेटिक्सवर अख्खं प्रकरण आहे, रंगीत चित्रांसह. सर तेव्हा बोलायचे ते अर्धं वाचून, अर्धं अंदाजानं. पण अंदाज बरोबर होता, हे कबूल करायलाच हवं. मी ते सगळं वहीत लिहून घ्यायचे आणि सुट्टीला गावी गेले की मामांना सांगायचे. मामा ओट्यावर बसून, मांडीवर हात ठेवून ऐकायचे. सगळं ऐकून झालं की विचारायचे, "बरं, रिपोर्ट काय? ऊस कवा मिळनार?"

ऊस हवाच होता, कारण काणीनं सगळ्यांना जेरीला आणलं होतं. त्या काळी आमच्या भागात सातशेचाळीस नावाची जात सगळीकडं असायची. जात सोन्यासारखी, पण काणीला बळी पडायची. काणी म्हणजे एक बुरशी. उसाच्या शेंड्यातून काळा, लांब चाबूक निघतो आणि त्यावरची काळी भुकटी वाऱ्यानं सगळ्या रानात पसरते. लागणीच्या, म्हणजे नव्यानं लावलेल्या उसात कमी दिसते, पण तो तोडल्यावर त्याच बुडख्यांतून जो खोडवा फुटतो, त्यात धुमाकूळ घालते. त्या भागातला शेतकरी लागणीच्या उसावर खूश होत नाही. खोडवा कसा आला ते विचारतो.

बरण्यांतून निघालेली रोपं एकाच उसाच्या पानातून आलेली, तेव्हा ती एकसारखी असायला हवी होती. तशी ती नव्हती. कुणाचं पान रुंद, कुणाला फुटवे जास्त. सरांना याचाच आनंद. आम्ही त्या सगळ्यांच्या लावायच्या कांड्या, म्हणजे बेणं, काणीची काळी भुकटी कालवलेल्या पाण्यात बुडवून काचघरात कुंड्यांत लावल्या. काचघराचे माळी फलटणचे होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांना हे मुळीच पटलं नाही. चांगल्या बेण्याला मुद्दाम रोग लावायचा, ही कुठली रीत, असं ते पाणी घालता घालता पुटपुटत असायचे.

वर्षभरात जवळजवळ सगळ्या कुंड्यांतून चाबूक निघाले. सतरा नंबरच्या बरणीतून आलेल्या रोपांना मात्र एकही नाही. सतराची बरणी मी भरली होती. सरांनी पेढे आणले आणि सगळ्यांसमोर पहिला पेढा मला दिला. त्या दिवशी मी मामांना पत्र लिहिलं, चार पानी. त्यातली तीन पानं सरांच्या कौतुकाची होती.

सतराच्या कांड्या प्रयोगशाळेच्या प्लॉटात वाढवायला लावल्या आणि तोडलेल्या कुंड्यांतून खोडवा फुटू दिला. त्या पावसाळ्यात एका सकाळी मी काचघरात गेले, आणि सतराच्या कुंड्यांपैकी एकीत शेंड्यातून काळा चाबूक बाहेर आलेला. बोटभरच. मी धावत सरांकडं गेले.

सर आले, त्यांनी भिंगानं पाहिलं. मग कुंडीवरची नंबराची पत्र्याची पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "या पट्ट्या कुणी लावल्या होत्या?" मी लावल्या होत्या. ते रागावले नाहीत. होतं असं, म्हणाले, साध्या सातशेचाळीसच्या कुंडीवर सतराची पट्टी गेली असणार, पुढच्या वेळी जपून. आणि हे आपल्यातच राहू द्या, तुमच्या कामावर बोट नको. मला त्या वेळी त्यांचे पाय धरावेसे वाटले. माझी चूक त्यांनी पोटात घातली, असं मी रात्रंदिवस स्वतःला सांगत राहिले. पट्ट्या लावताना मी प्रत्येक कुंडी दोनदा तपासली होती. तेही मला आठवत होतं. पण सर म्हणतात म्हणजे झाली असेल चूक.

तो सगळा आठवडा सरांनी मला बरण्यांच्याच कामाला लावलं. पुढच्या सोमवारी काचघरात गेले तर सतराच्या सगळ्या कुंड्या तिथून गेल्या होत्या. छपराची डागडुजी करायची होती, असं सरांनी सांगितलं. छपराची डागडुजी झालीही.

पुढच्या वर्षी, निवडणुकांची गडबड चालू असताना, सरांनी विचारलं की सतरा शेतकऱ्याच्या रानात लावून पाहायचा आहे, तुमच्या ओळखीत कुणी नीटनेटका माणूस आहे का. मी मामांचं नाव घेतलं. घ्यायला एक क्षणही लागला नाही. फक्त एक गोष्ट मी सरांना आधीच सांगितली. आमच्याकडं बेणं मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. पाहुण्यानं, भावकीनं, कुणीही येऊन ऊस बघितला, चांगला आहे म्हणाला आणि दोन मोळ्या बेणं द्या म्हटलं, की द्यायचं. ना त्याचं काही घ्यायचं, ना पुन्हा आठवण काढायची. मामा तर स्वतःहून देणारे. तेव्हा हा प्रयोग एका वावरात थांबणार नाही, एका वर्षात चार गावांत जाईल. सर हसून म्हणाले, मग तर उत्तमच. मोठ्या शहरातून पाहुणे यायचे आहेत, त्यांना गावोगावी सतरा दाखवता येईल.

ट्रकमधून बेणं गावी गेलं तेव्हा मी सोबत गेले होते, ड्रायव्हरशेजारी बसून. मामांनी नदीकडचं अर्धं एकर रान तयार ठेवलं होतं. सऱ्या दोरी लावून पाडलेल्या, लष्करी शिस्तीच्या. मामीनं पहिल्या टिपरीला हळदकुंकू लावलं. मामांनी मला विचारलं ते एवढंच, की काणी येणार नाही ना. मी म्हणाले, नाही येणार. त्या बोटभर चाबकाचं मला त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. आठवला. पण ती माझी पट्ट्यांची चूक होती, आणि आपली चूक मामांना सांगून त्यांच्या आनंदावर पाणी कशाला टाकायचं, असं वाटलं.

ऊस दृष्ट लागण्यासारखा आला. बांधावरून जाणारा माणूस थांबायचा. मामा त्याला आत नेऊन कांडी मोडून द्यायचे आणि सांगायचे की हा भाचीनं बरणीत केलेला ऊस आहे. सतरा हा नंबर गावात कुणाच्या तोंडी बसलाच नाही. त्याचं नाव पडलं भाचीचा ऊस. तोडणीच्या वेळी बेण्याला रांग लागली. भावकीतल्या सहा घरांनी नेलं, नदीपलीकडच्या दोन गावांत गेलं, शिराळ्याकडच्या व्याह्यांनी बैलगाडी भरून नेलं. शिकून उसाला पाणी पाजणार का म्हणणारे तेही आले होते, आणि मामांनी त्यांच्या मोळ्या स्वतःच्या हातानं बांधून दिल्या. मी तेव्हा सुट्टी काढून गावी होते. कुठल्याच परीक्षेच्या निकालाचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

त्याच मे महिन्यात मामांचं पोस्टकार्ड आलं. खोडव्यात काणी दिसते, रिपोर्ट पाहिजे. दोनच ओळी.

मी सरांना पोस्टकार्ड दाखवलं. उन्हाळा आहे, आधी किती आहे ते बघून या, असं ते म्हणाले आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं. मी मिळेल त्या एसटीनं गावी गेले. दिसते, असं मामांनी लिहिलं होतं, पण दिसते हा शब्द फार सौम्य होता. खोडव्याच्या प्रत्येक दुसऱ्या बेटातून काळे चाबूक उभे होते. मामा एकेका चाबकावर मामीनं जुन्या धोतराच्या शिवलेल्या पिशव्या चढवत होते, म्हणजे कापताना भुकटी उडत नाही. तोंडाला पंचा बांधलेला. ज्यांनी बेणं नेलं होतं त्यांच्याकडं लागणीतच काणी उठली होती. भावकीतल्या एकानं चाबूक आलेला ऊस कापून आणला आणि मामांच्या ओट्यावर ठेवला. मामा त्याला बस म्हणाले, तर बसला नाही.

मामांनी मला बोल लावला नाही. उलट ते ज्याला त्याला सांगत होते की प्रयोग म्हटला की असं होतं, पोरगी आल्या पावली परत जाऊन इलाज विचारून येईल. मी तशीच परत निघाले.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा चाचा दारात झारी धूत होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. चाचांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि तेच मला खटकलं.

"बाई, ह्ये तर व्हायचंच हुतं," ते म्हणाले. "कुंड्यांतल्या खोडव्याला निम्म्यावर काणी आली हुती की. सायबांनी ऐतवारी मला बोलावून सगळी उपटून जाळाय लावली. तुमाला ठावं असंल म्हनून मी कवा इषय काडला न्हाई."

मी त्यांना विचारलं की त्या कुंड्या सतराच्याच होत्या का, पट्ट्या बदललेल्या नव्हत्या का. चाचा जरा दुखावले. कुंड्यांना पाणी मी घालतो, ते म्हणाले, माझी कुंडी मला पट्टीशिवाय ओळखू येते.

सर खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होते. परदेशातल्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं होतं, सतराच्याच कामावर, हे मला तेव्हा कळलं. मी उभ्या उभ्या विचारलं की कुंड्यांतल्या खोडव्याला काणी आली होती का. ते खोटं बोलतील असं मला वाटत होतं. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं.

"आली होती," ते म्हणाले. "बसा ना."

मी बसले नाही. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर आकृती काढायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी काणी आली नाही हे खरं, ते म्हणाले, मी लेखात तेवढंच लिहिलं आहे, त्यात खोटं काय? आता मजा बघा. गुण आला तोही खरा आणि गेला तोही खरा. म्हणजे पेशीत लिहिलेलं काही बदललंच नव्हतं. बरणीत असताना एक मिटलेला धडा उघडला गेला, तो काही काळ उघडा राहिला, कांडीतून कांडीत तसाच गेला, आणि शेतात हळूहळू पुन्हा मिटला. कुंड्यांवरून हे म्हणता येत नव्हतं, कुणीही म्हणालं असतं की कुंडीत काहीही होतं. आता चार गावांच्या शेतांत झालं आहे. यावर दुसरा लेख होईल. तुमच्या मामांकडचे नमुने आणता येतील का, खोडव्याचे, मुळांसकट?

त्यांचे डोळे चमकत होते. आणि सांगायला लाज वाटते, पण फळ्यावरच्या त्या आकृतीकडं बघताना क्षणभर मलाही वाटलं, किती सुंदर आहे हे. पेशी विसरत नाही, नुसती झाकून ठेवते. मी आयुष्यभर पोरांना जे शिकवलं ते त्या अर्ध्या मिनिटात मला कळलेलं आहे. मग पंचा बांधलेलं मामांचं तोंड डोळ्यांपुढं आलं. बेणं न्यायच्या आधीच या माणसाला सगळं माहीत होतं. चार गावांत जाईल हे मी स्वतः त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांना तेच हवं होतं. मामांचं रान त्यांना मोठी कुंडी म्हणून हवं होतं.

माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हणाले, "म्हणजे पट्ट्यांची अदलाबदल मी केलेली नव्हती."

सर खडू हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. "कसल्या पट्ट्या?" ते म्हणाले.

ते नाटक करत नव्हते. ते खरोखर विसरले होते. दोन वर्षं मी जी चूक उरावर घेऊन हिंडत होते, ती त्यांनी एका सकाळी पटकन सुचली म्हणून माझ्या गळ्यात घातली आणि दुपारच्या जेवणापर्यंत विसरूनही गेले. कुंड्या जाळल्या हे मी एखाद्या वेळी माफ केलं असतं. हे नाही. मी राजीनाम्याचा कागद त्यांच्या टेबलावर त्याच दिवशी ठेवला. तो त्यांनी एका खोक्याखाली दाबून ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

गावी पोचले तेव्हा मामांच्या रानात खोडवा काढायचं काम चाललं होतं. भावकीतली दहा-बारा माणसं जमली होती. मदतीला म्हणून आलेली कमी, काय इलाज निघाला ते ऐकायला आलेली जास्त. मी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की सरांना आधीपासून ठाऊक होतं, कुंड्यांत काणी आली होती, त्यांनी त्या जाळून टाकल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग माणसांकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा लष्करी आवाजात ते म्हणाले, "ऐका. सायबानं फसवलं. माझ्या भाचीला बी फसवलं. तिला ह्यातलं काय सुदीक ठावं नव्हतं. ती लबाड न्हाई."

एकानं मान हलवली. शिकून काय करणार म्हणणाऱ्यानंसुद्धा माझ्याकडं बघून, जाऊ दे पोरी, असं म्हटलं. तिथंच थांबले असते तर सगळं निभावलं असतं. मामांनी स्वतःचा शब्द टाकून मला मोकळं केलं होतं. पण तो शब्द पुरता खरा नव्हता, आणि तो मामांचा होता. माणसं कामाला पांगल्यावर मी त्यांना त्या बोटभर चाबकाचं सांगितलं. पावसाळ्यात पाहिला होता, सर म्हणाले पट्ट्यांची चूक आहे, मी ते धरून चालले. बेणं लावायच्या दिवशीही तो माझ्या डोक्यात होता, तेही सांगितलं.

मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली. तोंडावरचा पंचा काढला.

"मला एक कार्ड टाकायचं हुतंस," ते म्हणाले. "मी बेनं लावलं असतं तरी, पन कुनाला दिलं नसतं. माझ्यापुरतं ठिवलं असतं."

मी म्हणाले की मला वाटलं चूक माझीच आहे. सर म्हणाले होते तसं. माझा त्यांच्यावर विश्वास होता.

"व्हय," मामा म्हणाले. "तुजा सायबावर हुता. माजा तुज्यावर हुता."

ते रागानं बोलले नाहीत. हिशोब जुळल्यासारखं बोलले. मग त्यांनी पंचा परत बांधला, पिशवी उचलली आणि पुढच्या बेटाकडं गेले. मी त्यांच्यामागून दुसरी पिशवी घेऊन गेले, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि मामीकडं दिली.

पुढं मी सांगलीत शाळेत शिकवायला लागले. माझ्या लग्नात मामांनीच मला हाताला धरून बोहल्यावर नेलं. त्यानंतर ते वीस-बावीस वर्षं जगले. मी गेले की तब्येत विचारायचे, माझ्या पोरांना मांडीवर घ्यायचे, जाताना पिशवीत काकवीची बाटली ठेवायचे. आमच्यात अबोला असा कधी नव्हता. उसाचं मात्र त्यांनी मला पुन्हा एकदाही विचारलं नाही. कधी मी शेताकडं निघाले की ते ओट्यावरूनच म्हणायचे, ऊन लय हाय, तू घरात बस.